एक्कावन्नची फ्रेम

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. आमच्या शेडमध्ये सकाळचे ऊन कधीच घाईने येत नसे. आधी ते समोरच्या तंबाखूच्या वखारीच्या कौलांवर येऊन थांबे, आपल्याला पुढे जायचे आहे हे विसरल्यासारखे. मग वखारीच्या भिंतीवरून हळूहळू खाली उतरे आणि उतरताना पोपडा उडालेली एकेक जागा दाखवत जाई. रस्ता ओलांडायला त्याला बराच वेळ लागे. आमच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोके होती. त्या भोकांतून ते आत आले की त्याच्या बोटभर जाडीच्या तिरप्या काठ्या होत, आणि त्या काठ्यांमध्ये कानशीची बारीक धूळ वरखाली करत राही. एक काठी दवाखान्याच्या अर्ध्या झालेल्या खाटेवर पडे, एक गॅसच्या सिलिंडरवर, एक नुसती जमिनीवर, जिथे काहीच नसे. जमिनीवरचा तो डाग दर सकाळी थोडा थोडा सरके आणि नऊच्या सुमाराला उंबऱ्याशी जाऊन फिका पडे. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. तरी मला ती वेळ आवडे, कारण तेवढ्या वेळात घरात कोणी कोणाचे नाव घेत नसे.

त्या सकाळी मात्र नाव घेतले जात होते.

"झालं का गं त्रिशलाचं?" अण्णांनी विचारले. माझे वडील शेडमधून घरात जाणाऱ्या दाराशी उभे होते, पण दाराकडे पाठ करून. दार आतून लावलेले होते.

"थांबा की जरा," आतून आई म्हणाली. "ही सरळ उभीच राहीना झाल्या. नुसती हसाय लागल्या."

"फळी गार हाय, आई!"

"गार असू दे. टाचा भिंतीला लाव. टाचा म्हणलं, गुडघं न्हवं!"

सायकलच्या फ्रेमसाठी पायाचे माप कसे घेतात हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होते. अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभे राहायचे. दोन मांड्यांमध्ये एक सपाट फळी धरायची आणि ती सीटवर बसल्यासारखी घट्ट होईपर्यंत वर दाबायची. फळीची वरची कड भिंतीला जिथे टेकेल तिथे रेघ मारायची. जमिनीपासून त्या रेघेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाचे माप, आणि अण्णा म्हणत की एवढे एक माप खरे असले की उरलेली सायकल त्यातून आपोआप निघते. जयसिंगपुरातल्या आणि आसपासच्या कितीतरी पोरांच्या मांडीशी त्यांनी स्वतःच्या हाताने फळी दाबली होती. पण त्रिशला, माझी धाकटी बहीण, सतरा वर्षांची होती. तिचे माप घ्यायला ते आत जाणार नव्हते, आणि दार लावलेले असले तरी तिकडे तोंडही करणार नव्हते. आईने फळी धरायची, आईने रेघ मारायची. मग त्रिशला बाहेर आली की मी आत जाऊन टेप लावायचा, असे ठरले होते. टेप मी लावायचा, कारण अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि डाव्याला टेपवरचे आकडे मुंग्यांसारखे दिसत.

मी हातात टेप घेऊन उभा होतो. समोरच्या टेबलावर, जुन्या धोतरात गुंडाळलेल्या त्या नळ्या होत्या.

त्या नळ्यांविषयी सांगायला हवे. अण्णांचा पुण्याचा एक मित्र पूर्वी शर्यतीच्या सायकली बांधत असे. त्याने धंदा बंद केला, तेव्हा उरलेला परदेशी नळ्यांचा एक संच त्याने अण्णांना दिला. एकच संच. आम्ही ज्या नळ्या वापरत होतो त्यांच्या निम्म्या वजनाच्या, मध्यभागी पातळ आणि टोकांना जाड अशा. अण्णांनी त्या नखाने वाजवून दाखवल्या होत्या, आणि खरोखर त्यांचा आवाज वेगळा होता. जानेवारीत जिल्ह्याची निवड चाचणी होती. त्या नळ्यांतून एकच फ्रेम होणार होती आणि नळी एकदा कापली की वाढवता येत नाही.

"त्रिशलाला करू," अण्णा एका रात्री जेवताना म्हणाले होते. "भरतेश, तुला काय वाटतं?"

मी आमटीचा भुरका मारला आणि म्हणालो, "करा की."

पाच वर्षे मी शर्यतींत उतरत होतो. त्रिशला दोन वर्षे. माझी सायकल म्हणजे अण्णांची स्वतःची जुनी, छप्पन्नची फ्रेम. मला पाच सेंटिमीटर मोठी. तिच्यावर मी बसत नसे, लोंबत असे. हँडल गाठायला कोपरे ताठ करावी लागत, मान आखडे, मनगटे बधिर होत. त्रिशलाची लाल सायकल अण्णांनी भंगारातल्या फ्रेमची कापाकापी करून बनवली होती. ती दगडासारखी जड होती, पण तिच्या मापाची होती. म्हणून त्रिशला माझ्या पुढे असते, असे मी स्वतःला सांगत असे. मी ते मोठ्याने कधी बोललो नव्हतो. मला मोठ्याने बोलता येत नसे. पण मला माझ्या मापाची एक सायकल मिळाली, तर काय होईल हे मी रोज रात्री डोळे मिटून पाहत असे.

दार उघडले. त्रिशला हसत बाहेर आली आणि केस बांधत सरळ नळाकडे गेली. चुलीवर दूध होते म्हणून आई आत वळली. मी खोलीत गेलो. भिंतीवर पेन्सिलीची आखूड, जाड रेघ होती. मी टेपचे टोक जमिनीला टेकवले आणि टेप वर ओढला.

"किती?" अण्णांनी आता तोंड वळवले होते.

रेघ पंचाहत्तरावर होती.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणालो.

"अठ्ठ्याहत्तर?" ते क्षणभर थांबले. मला वाटले, संपले. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद आला. "बघ तरी. उंचीनं लहान दिसती, पण पाय लांब. माझ्या आईवर गेल्या पोरगी. सायकलवाल्याला असंच अंग पाहिजे रं."

माझे स्वतःचे माप एकोणऐंशी होते. ते त्यांनी कधीकाळी घेतले होते आणि माझ्या अंगाविषयी काहीच म्हणाले नव्हते.

"फ्रेम म्हणजे पायाच्या शेकडा पासष्ट," ते पुटपुटले. तोंडी हिशेबात ते पटाईत होते. "म्हणजे पन्नास नि वर सात. एक्कावन्न धरू. एक्कावन्नची फ्रेम."

खोलीतून निघताना मी ती रेघ अंगठ्याने पुसून टाकली.

*

पुढचे दोन महिने मी मत्सराच्या सोबतीने राहिलो. तो मोठा, गडगडाट करणारा नव्हता. तो घरातल्या एखाद्या आजारी माणसासारखा होता. त्याला वेळेवर काहीतरी द्यावे लागे.

खाटांचे आणि ग्रिलचे काम आटोपले की अण्णा त्या नळ्यांकडे वळत. टेप दिसत नसल्याने लांबी ते विती-बोटांनी मापत, नळीच्या टोकाला अर्धचंद्रासारखी खाच काढत, दुसऱ्या नळीला लावून पाहत, पुन्हा कानस मारत. मग बर्नर पेटे, नळ्या जोडणारे सॉकेट लाल होई आणि पितळेची कांडी टेकवताच ते पितळ सोन्यासारखे वितळून फटीत ओढले जाई. डोळ्याने दिसत नसे तिथे ते बोट फिरवत. जोडावरून बोट फिरवताना त्यांचे डोळे मिटलेले असत. मी कांड्या देत असे, सिलिंडरची किल्ली फिरवत असे. आणि मला सारखे माहीत असे की प्रत्येक जोड माझ्यासाठी होतो आहे, आणि तो करताना ते दुसऱ्याचे नाव घेत आहेत.

"त्रिशलाला पाठ लांब करून बसायची सवय हाय. पुढची नळी जरा उतरती ठेवतो."

"ठेवा."

"त्रिशला चढाला उभी राहून मारती, बघितलंस न्हवं? मागचा त्रिकोण आखूडच पाहिजे तिला."

"होय."

एका संध्याकाळी लाल सायकल भिंतीला टेकवून त्यांनी तिला वर बसवले. एका हाताने सीट धरली आणि दुसरा पंजा तिच्या पाठीवर, खांद्यांच्या मध्ये ठेवला.

"इथं वाकायचं न्हाई. कमरेतनं वाक. हां. आता पोटात श्वास घे."

"अण्णा, गुदगुल्या!"

"तुला सगळीकडंच गुदगुल्या. चाचणीला पंच शिट्टी वाजवंल आणि तू हसत बसशील."

तो पंजा तिच्या पाठीवर किती वेळ होता हे मी मोजले. मोजायचे म्हणून नाही. आपोआप मोजले गेले. विसापर्यंत आलो आणि उठून बाहेर गेलो. बाहेर चहाच्या गाडीवर शेजारचे कुगे मामा बसले होते. त्यांनी हाक मारली, "काय भरतेश, बहिणीची सायकल कुठवर आली? मगदूमांचं नाव काढणार बरं का पोरगी!" मी हसलो. मला हसता येत असे, तेवढे मात्र येत असे.

त्रिशलाने माझे काहीही वाईट केले नव्हते. उलट सरावाला निघाल्यावर ती वळणावर थांबत असे. मी पोहोचलो की म्हणे, "दादा, तुझी सायकल लई मोठी हाय रे. मी असती तर सोडूनच दिलं असतं." ती हे मनापासून म्हणे. तिच्या त्या मनापासून म्हणण्याने मला रात्रभर झोप लागत नसे.

*

मार्गशीर्षात फ्रेम झाली. अण्णांनी तिला निळा रंग दिला, चाके घातली आणि एका रविवारी सकाळी अंगणात उभी केली. आईने हँडलाला हळदकुंकू लावले. त्रिशला बसली.

मी तिच्याकडे पाहत नव्हतो, अण्णांकडे पाहत होतो. ते आधी हसत होते. ती अंगणाला एक फेरी मारून आली तेव्हा ते हसायचे थांबले होते.

"परत ये बघू."

तिने दुसरी फेरी मारली. सीट तळापर्यंत खाली घातलेली होती, तरी पायडल खाली जाताना तिची कंबर आधी डावीकडे, मग उजवीकडे झुके. हात सरळ, ताठ, लोखंडी दांड्यांसारखे. माझ्या पाच वर्षांच्या बसण्याचे चित्र कोणीतरी तिच्या अंगावर काढल्यासारखे दिसत होते.

"कसं वाटतंय?" अण्णांनी विचारले.

"भारी हाय! हलकी किती हाय, अण्णा!"

"ते न्हवं. बसायला कसं वाटतंय?"

त्रिशला खाली उतरली. तिने एकदा फ्रेमकडे पाहिले. "होईल की सवय," ती म्हणाली.

अण्णांनी आडव्या नळीवरून पंजा फिरवला आणि मला हाक मारली. "भरतेश, टेप आण. उभी नळी मोज. पायडलच्या क्रँकच्या मध्यापासनं वरच्या टोकापर्यंत."

मी गुडघ्यांवर बसलो. टेप लावला. एक्कावन्न, ना केसभर कमी, ना केसभर जास्त. मोतीबिंदूच्या डोळ्याने कापलेली ती नळी एक्कावन्नच होती. हा आकडा मी खरा वाचला असता, तर अण्णांना लगेच कळले असते की कापणे बरोबर आहे, आणि मग माप काय होते ते त्यांनी विचारले असते.

"त्रेपन्न," मी म्हणालो.

"किती?"

"त्रेपन्न, अण्णा."

ते शेजारच्या स्टुलावर बसले. दोन्ही पंजे त्यांनी समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

"दोन सेंटिमीटर," ते म्हणाले. "दोन सूत समजलं असतं. दोन सेंटिमीटर?"

"अहो, होतं असं," आई म्हणाली.

"मला होत न्हाई."

मग त्रिशला बोलली. ती काय बोलणार हे मला ठाऊक होते, कारण मी तिला ओळखत होतो. मी सगळे त्यावरच बेतले होते. "अण्णा, दादाला बसवून बघा की. त्याची ती छप्पन्नची हायच मोठी. माझी लाल मला बरी."

मी बसलो.

ते काय होते हे कसे सांगू? आपल्या खोलीत अंधारात शिरल्यावर दिव्याचे बटण जिथे हवे तिथेच हाताला लागावे, तसे काहीसे. अण्णांनी दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा केला. पायडल पुढे आणून मला थांबायला सांगितले आणि गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडला. तो बरोबर पायडलच्या मध्यावर पडला, हे त्यांनी बोटाने चाचपून पाहिले.

"हँडलाकडं बघ. पुढच्या चाकाचा हब दिसतोय?"

"न्हाई. हँडलाच्या आड गेला."

"कोपरं मऊ ठेव. खांदं पाड." आणि मग त्यांनी आपला पंजा माझ्या पाठीवर ठेवला, खांद्यांच्या मध्ये. पितळेचा आणि साबणाचा वास असलेला तो जड पंजा. त्याची मी पाच वर्षे वाट पाहिली होती. "कमरेतनं वाक. हां, असं."

मी मोजायला सुरुवात केली, पण सातावर त्यांनी तो काढून घेतला.

"नवल हाय," ते म्हणाले. "तुला एक्कावन्न लागती. आणि ही त्रेपन्न तुला मोजून केल्यागत बसल्या. आता हाताचं कळंना आणि डोळ्याचं तर न्हाईच न्हाई." आणि आईकडे वळून, आवाज न चढवता, ते पुढे म्हणाले, "आता बास. खाटा आणि ग्रिलच करू. ऑर्डर देऊन गेलेल्या मिरजेच्या त्या पोराला निरोप द्या, फ्रेम जमणार न्हाई म्हणावं."

"एका चुकीनं काय—"

"सायकलवर पोरगं बसतंय, बाई. खाटेवर आजारी माणूस पडून तरी असतंय. सायकलवाल्याचा गुडघा मोडंल माझ्यापायी."

बर्नरची नळी त्यांनी गुंडाळली आणि वरच्या फळीवर ठेवली. मी निळ्या सायकलवर बसलेला होतो. त्या क्षणी मी बोलू शकलो असतो. उतरण्याआधी मी ब्रेक दाबून पाहिले. ते छान लागत होते.

*

निवड चाचणी शिरोळ रस्त्यावर झाली. दहा किलोमीटर जायचे, पांढऱ्या चुन्याच्या रेघेवरून वळायचे आणि परत यायचे. एकेकाला एका मिनिटाच्या अंतराने सोडत होते. जो तो एकटाच, समोर कोणी नाही, मागे कोणी नाही, फक्त घड्याळ. आधी मुलगे, मग मुली. मुलांमध्ये माझा नंबर शेवटचा होता. मुलींमध्ये त्रिशलाचा दुसरा. म्हणजे माझ्यामागून दोन मिनिटांनी ती निघणार होती.

"दादा," ओळीत उभी असताना ती म्हणाली, "आज तुला काय अडवतंय बघू." तिने माझ्या निळ्या हँडलावर टिचकी मारली. "पळ!"

पंचाने शिट्टी वाजवली.

पहिले पाच किलोमीटर मी सुखात होतो असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. थंडी होती, उसाच्या फडांवर धुके होते आणि सायकल माझ्याखालून नुसती वाहत होती. हेच ते, मला वाटले. हेच मी डोळे मिटून पाहत होतो. वळणाच्या रेघेवर मी मागे पाहिले नाही. परत फिरल्यावर वारा समोरून आला. मी कमरेतून वाकलो, कोपरे मऊ ठेवली, पोटात श्वास घेतला. तो पंजा माझ्या पाठीवर आहे अशी मी कल्पना केली.

समोरून त्रिशला आली, वळणाकडे जाणारी. आम्ही एकमेकांना ओलांडले तेव्हा तिने मान वर केली नाही. तिच्या आणि वळणाच्या रेघेच्या मधले अंतर मी मनातल्या मनात मोजले. ते फार थोडे होते.

मग मी शरीराकडे लक्ष दिले. मला तिथे काहीतरी सापडायला हवे होते. मनगटे: बधिर नव्हती. मान: मोकळी होती. गुडघे एका रेषेत, वरखाली, यंत्रासारखे चालत होते. कंबर झुकत नव्हती. पाठीत कळ नव्हती. मी एकेक अवयव तपासत गेलो, आणि प्रत्येकाने आपण ठीक असल्याचे सांगितले. फक्त फुप्फुसे जळत होती आणि मांड्यांमध्ये अजून जोर घालायला जागा नव्हती. जेवढा होता तेवढा सगळा घातलेला होता.

तीन किलोमीटर उरले असताना मागून लाल सायकलचा आवाज आला. तिच्या मागच्या मडगार्डचा एक नट नेहमी सैल असे, त्याची ती बारीक खुळखुळ. मी ओळखला तो आवाज. मी आणखी जोर लावला, म्हणजे लावायचा प्रयत्न केला. खुळखुळ जवळ आली, शेजारी आली. तिचा चेहरा लाल झाला होता, तोंड उघडे होते, आणि त्या जड, भंगारातून जन्मलेल्या सायकलवर ती इतकी स्थिर बसली होती की फक्त पाय तिचे होते, वरचे अंग कुणीतरी तिथे ठेवून दिले होते.

"चल की, दादा!" ती धापेतच ओरडली आणि पुढे गेली.

मी तिच्या पाठीकडे पाहत राहिलो. ती लहान होत गेली. मग धुक्यात शिरली.

*

रेघ ओलांडून मी एका बाभळीखाली थांबलो. अण्णा आले. प्रत्येक शर्यतीनंतर ते मला एकच प्रश्न विचारत आणि माझ्याकडे उत्तर नेहमी तयार असे.

"कुठं दुखलं?"

मी उत्तर शोधले. खरोखर शोधले.

"कुठंच न्हाई," मी म्हणालो.

"मनगट?"

"न्हाई."

"मी कोपऱ्यावर उभा होतो," ते म्हणाले. "मला लांबचं दिसतंय अजून. तुझं बसणं बघितलं. एका सुताची चूक न्हवती, भरतेश. असं बसलेलं माणूस मी लई दिवसांनी बघितलं." ते मला बरे वाटावे म्हणून बोलत होते. मग ते थांबले. "पण त्रेपन्नच्या फ्रेमवर असं कसं बसता येतंय, हे मात्र—"

"ती त्रेपन्न न्हाई, अण्णा. एक्कावन्नच हाय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. एक डोळा राखाडी, एक काळा.

"मी खोटं वाचलं," मी म्हणालो. "आणि आधी त्रिशलाचं मापही खोटं वाचलं. रेघ पंचाहत्तरावर होती."

त्यांनी हात उचलला, आणि मला वाटले की आता बसेल. पण तो हात माझ्याकडे आला नाही. त्यांनी सायकलच्या उभ्या नळीवर, खालपासून वरपर्यंत, अंगठा आणि तर्जनी फिरवली. मग पुन्हा.

"म्हणजे मी बरोबर कापली होती," ते म्हणाले.

"होय."

"एक्कावन्नला एक्कावन्न."

"होय, अण्णा."

त्यांच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला, ओझे खाली ठेवल्यावर हमाल सोडतो तसा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. तो राग होता की सुटका, हे मला अजून कळलेले नाही, दोन्ही असावे. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

"माझ्याशी नंतर बोल," ते म्हणाले. "आधी तिला सांग." आणि रस्त्याच्या कडेकडेने पंचांच्या टेबलाकडे चालत गेले.

त्रिशला पाण्याची बाटली घेऊन धावत आली. आलेल्या मुलींत तिचा पहिला नंबर होता आणि ते तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हते. पण माझ्याजवळ येता येता तिने तो आनंद आवरला. आवरला, हे मी पाहिले.

"दादा, ब्रेक घासत होता का तुझा? मला वाटलं चाकाचा आवाज येतोय."

"न्हाई."

"मग वारा असंल. तू जरा उंच पडतोस ना, तुला वारा जास्त लागतोय." तिने बाटली पुढे केली. "न्हाईतर नवी सायकल हाय. महिनाभरात अंगाला बसंल."

मी बाटली घेतली नाही. मी तिला सांगितले. आईने मारलेली रेघ, मी वाचलेला आकडा, अंगणातला दुसरा आकडा. तिला सांगायला चार वाक्ये पुरली. मला वाटले होते की बरीच लागतील.

तिच्या हातातली बाटली खाली आली. तिने निळ्या सायकलकडे पाहिले, मग लांब टेबलाशी उभ्या असलेल्या अण्णांकडे. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. मला तिने रडायला हवे होते, किंवा शिवी द्यायला हवी होती. तिने यांपैकी काही केले नाही.

"महिनाभर अण्णा हात धुताना हाताकडं बघत बसायचं," ती म्हणाली. "बघितलंस न्हवं तू?"

"बघितलं."

"का केलंस, दादा?"

मी सांगू लागलो की छप्पन्नच्या फ्रेमवर पाच वर्षे, की माझ्या मापाची सायकल मला कधी मिळालीच नाही, की फक्त एकदा, फक्त एकदा मला बघायचे होते. ती ऐकत होती. मी बोलत गेलो आणि एकेक शब्द तोंडातून निघताच हलका होऊन उडून गेला. मग शब्द संपले.

"का?" तिने पुन्हा विचारले.

"तू माझ्यापेक्षा वेगवान हाईस," मी म्हणालो.